शार्क टँक बघून चकलीच्या धंद्याचं काही शिकता येतं का?

भाजणीवाली_सांगली

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

सांगलीत माझा भाजणी आणि चकलीचा धंदा आहे. आठ वर्षं झाली. आधी दिवाळीपुरतं घरच्या शेगडीवर करायचे, आता भाड्याच्या गाळ्यात बारा महिने चालतं. दोघीजणी कामाला येतात. रोज चौदा किलो चकली निघते आणि सतरा दुकानांत मी स्वतः स्कूटीवरून पोचवते. पाव किलोचं पाकीट ११० रुपयांना, म्हणजे ४४० रुपये किलो. भाजणीचं पीठही विकते, पण ते कमी.

रात्रीची जेवणं झाली की मी आणि मुलगा शार्क टँक इंडिया बघतो. धंदेवाले येऊन आपल्या धंद्यातला हिस्सा देऊ करतात आणि पैसे मागतात, पैसे लावणाऱ्यांना तिथे शार्क म्हणतात, तो कार्यक्रम. डिसेंबर २०२१ मध्ये सोनीवर सुरू झालं, तेव्हापासून एकही पर्व सोडलेलं नाही. पहिल्या पर्वात आपल्या मालेगावचा जुगाडू कमलेश आला होता. तो भाग मी किती वेळा पाहिला असेल, मोजलेलं नाही. फवारणीचा पंप पाठीवर वाहावा लागू नये म्हणून त्याने सायकलची चाकं लावून एक गाडा बनवला होता. माझे वडील तासगावकडे द्राक्षबागेत पाठीवर पंप घेऊन फवारायचे. संध्याकाळी घरी आले की बनियनवर पट्ट्यांच्या दोन ओल्या, निळसर रेघा असायच्या, मोरचुदाच्या. आई ते बनियन बाकीच्या कपड्यांत कधी मिसळायची नाही. कमलेश बोलत होता आणि माझ्या डोळ्यांपुढे त्या रेघा होत्या.

मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणतो, आई, मालेगावचा माणूस जाऊ शकतो तर तू का नाही? या वेळी फॉर्म भरूच.

गेल्या आठवड्यात असं झालं. कुठल्याशा खाऊच्या कंपनीची मंडळी आली होती आणि त्यांना विचारलं गेलं, एका पाकिटामागे तुम्हाला किती सुटतात? मी रिमोट घेऊन तिथेच थांबवलं आणि मुलाला म्हटलं, हाच प्रश्न मला विचार. त्याने विचारलं. मी म्हटलं, किलोला शंभर-सव्वाशे सुटत असतील. तो म्हणाला, "असतील नको आई, नक्की किती?" मला सांगता आलं नाही. आठ वर्षं रोज चकली तळते आहे आणि मला सांगता आलं नाही. त्या रात्री झोप लागली नाही.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. माझ्यासारखीने तो फॉर्म भरावा का? आणि फॉर्म राहू दे बाजूला, असे कार्यक्रम बघून छोट्या धंदेवाल्याने नेमकं काय उचलावं? कुणी असं काही बघून आपल्या धंद्यात खरोखर बदल केला असेल, तर तो मला ऐकायचा आहे.

खानावळ_नाशिकरोड

ताई, फॉर्मचं मला कळत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडे आहे, कारण मी केलंय.

माझी स्टेशनजवळ खानावळ आहे, वडिलांपासूनची. वडिलांच्या काळी एकच पाटी होती: राइस प्लेट. मी गल्ल्यावर बसायला लागलो तेव्हा आजूबाजूला हॉटेलं झाली आणि मी दर दिवाळीला मेनूकार्डात भर टाकत गेलो. पंजाबी झालं, चायनीज झालं, डोसे झाले, पिझ्झाही झाला. शेवटी कार्डावर ११२ पदार्थ होते. मला त्याचा अभिमान वाटायचा. गिऱ्हाईक काहीही मागो, आपल्याकडे आहे.

रात्री शटर ओढल्यावर मोबाइलवर किचन नाइटमेअर्सचे तुकडे बघायची सवय लागली. गॉर्डन रामसे नावाचा ब्रिटिश शेफ बुडत चाललेल्या हॉटेलात जातो, तो कार्यक्रम. ब्रिटनमध्ये २००४ साली चॅनल फोरवर सुरू झाला, मग २००७ पासून अमेरिकेत फॉक्सवर. त्याचं ओरडणं, शिव्या मला अजिबात पटत नाहीत. माझ्या वडिलांनी आचाऱ्यावर कधी आवाज चढवला नाही, मीही चढवत नाही. म्हणून मी आवाज बंद करून बघायला लागलो आणि तेव्हा मला दिसलं की हा माणूस दर ठिकाणी तीच दोन-तीन कामं करतो. आधी गिऱ्हाइकासारखा टेबलावर बसतो, चार पदार्थ मागवतो, खातो. मग आत जाऊन फ्रीज उघडतो. शेवटी मेनूकार्ड कापतो. गाव कुठलंही असो, क्रम बहुतेक हाच.

आमची सोमवारी सुट्टी असते. एका सोमवारी मी एकटा गेलो आणि डीप फ्रीजरमधलं सगळं बाहेर काढून ओट्यावर मांडलं. स्टीलच्या डब्यात लाल ग्रेव्ही, त्यावर तारीख नाही. तिच्याखाली तशाच ग्रेव्हीचा दुसरा डबा, तो त्याहून जुना. मटारची अर्धी फोडलेली चार पाकिटं. तळाला बर्फात रुतून बसलेली एक पिशवी होती, ती उलथन्याने खरवडून काढावी लागली. आत मंचुरियनचे गोळे. ते कधी केले होते ते मला आठवेना, दुसऱ्या दिवशी आचाऱ्यालाही आठवेना. सगळा ढीग काट्यावर ठेवला तर ३१ किलो भरला. तो माल माझ्या पैशाचा होता आणि वर त्याला थंड ठेवायचं वीजबिलही मीच भरत होतो.

मग महिनाभराची केओटीची, म्हणजे आत स्वयंपाकघरात ऑर्डर लिहून देतो त्या चिठ्ठ्यांची, पुस्तकं घेऊन बसलो, पदार्थापुढे एकेक रेघ ओढत. ११२ पैकी ४३ पदार्थांपुढे महिन्यात एकही रेघ पडली नाही. थाळी, मिसळ, शेवभाजी, पिठलं-भाकरी आणि रविवारचं मटण, एवढ्यावर माझं घर चालत होतं.

कार्ड कापून २६ पदार्थांवर आणलं. वडील आठ दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं, दारात आलेल्याला नाही म्हणायचं नसतं. कॉलेजची पोरं तुटली, ती तुटलीच, परत आली नाहीत. पहिले तीन महिने गल्ला खाली होता आणि मी रोज मनात म्हणायचो की टीव्ही बघून आपण हे काय करून बसलो. चौथ्या महिन्यात सिलेंडर मोजले. महिन्याला १९ लागायचे, ते १४ वर आले. भाजीवाल्याचं बिल उतरलं. आचारी संध्याकाळी सात वाजता बसलेला दिसायला लागला, नाहीतर आधी त्याला श्वास घ्यायला फुरसत नसायची.

त्याचं ते टेबलावर बसून खाणंही मी करून पाहिलं. सहा नंबरच्या टेबलावर बसलो तर पंख्याचा वारा तिथपर्यंत येतच नव्हता आणि मोरीचं दार उघडलं की समोर बादली. वीस वर्षांत मी त्या खुर्चीवर बसलो नव्हतो. ते टेबल काढून टाकलं.

एक मात्र सांगायला हवं. त्या कार्यक्रमातली पुष्कळ हॉटेलं नंतर बंद पडली. त्याला बोलावेपर्यंत डोक्यावर कर्ज झालेलं असतं आणि भिंतींना रंग देऊन कर्ज फिटत नाही. म्हणून फ्रीजर उघडायचा तो धंदा बरा चाललेला असतानाच.

२०१३ साली एक भाग आला होता, अमेरिकेत ॲरिझोनातल्या एका नवरा-बायकोच्या हॉटेलचा. गिऱ्हाइकाने तक्रार केली की हे दोघं त्याच्याच अंगावर जायचे. रामसे अर्ध्यात सोडून निघून गेला. इंटरनेटवर वाईट लिहिणाऱ्यांशी ते तसेच भांडत बसले आणि दोन वर्षांनी हॉटेल बंद झालं. गुगलवर कुणी एक तारा दिला की माझाही हात शिवशिवतो. तो भाग आठवतो आणि फोन उपडा ठेवतो. सकाळी उत्तर लिहितो.

वजाबाकी

मी सोलापुरात बत्तीस वर्षं छोट्या दुकानदारांच्या वह्या लिहिल्या. निवृत्त झालो तरी सवय जात नाही.

भाजणीवाली ताई, तुम्ही कमलेशचा भाग पुष्कळदा पाहिला म्हणता, तर त्यातलं गणित मांडून बघू. त्याने ३० लाख रुपये मागितले, १० टक्के हिश्शाला. म्हणजे सगळ्या धंद्याची किंमत त्याने ३ कोटी धरली होती. शार्कांपैकी पीयूष बन्सलने दिले १० लाख, ४० टक्क्यांना, आणि वर २० लाख बिनव्याजी कर्ज. १० लाखांना ४० टक्के म्हणजे सगळा धंदा २५ लाखांचा. ३ कोटींवरून २५ लाख! बघणाऱ्याला ३० लाख मिळाले एवढंच लक्षात राहतं. कमलेशने घेतलं ते योग्यच केलं असं मला वाटतं, त्याला पैशापेक्षा हात धरणारा माणूस हवा होता. पण आपण बघताना कागद-पेन्सिल घेऊन बसावं. मागितलेल्या पैशाला टक्क्यांनी भागायचं, शंभराने गुणायचं. पाच भाग असे बघा, सहाव्याला तुम्ही शार्कच्या आधी बोलाल.

आता तुमच्या चकलीवर या. पुढचं मला लिहून द्या, एक किलोप्रमाणे: पीठ, तेल, मसाला, गॅस, पाकीट, मजुरी, दुकानदाराचं कमिशन, पेट्रोल, तुटका आणि परत आलेला माल. गाळ्याचं भाडं आणि वीज महिन्याची वेगळी. अंदाज नको, वह्या काढा.

भाजणीवाली_सांगली

काका, दोन दिवस लागले, माफ करा. तेलाची बिलं तीन ठिकाणी सापडली, त्यातलं एक देवघराच्या खणात.

किलोला: पीठ ७०० ग्रॅम, भाजणं-दळणं धरून ७० रुपये. तेल ५०. तीळ, ओवा, तिखट, लोणी मिळून १६. गॅस १५. चार पाकिटं लेबलसकट १४. दोघींची मजुरी रोज ३५० प्रमाणे ७००, चौदा किलोला भागून ५०. दुकानदार २५ टक्के घेतात, ते ११०. पेट्रोल ८. तुटका आणि परत आलेला माल २४. या २४ चा मला धक्काच बसला, हा मी कधीच धरत नव्हते, तुटक्या चकल्या घरात आणि शेजारी जायच्या. गाळा ४,५०० आणि वीज १,७०० महिन्याला.

वजाबाकी

शाब्बास. आता बेरीज: ७० + ५० + १६ + १५ + १४ + ५० + ११० + ८ + २४ = ३५७. ४४० मधून गेले की उरतात ८३. तुम्ही शंभर-सव्वाशे म्हणालात, त्यात तो तुटका माल आणि पेट्रोल आलं नव्हतं.

महिन्याचे २६ दिवस, ३६४ किलो. ८३ ने गुणून ३०,२१२. भाडं-वीज ६,२०० वजा, राहिले २४,०१२. महिन्याला चोवीस हजार. वाईट नाही.

पण ताई, यात एका माणसाची मजुरी धरायची राहिली आहे. तुमची. पहाटे भाजणी भाजायला तुम्ही, कढईपुढे तुम्ही, सतरा दुकानांत स्कूटीवर तुम्ही. उद्या तुमच्या जागी कुणाला ठेवलं तर सांगलीत १८,००० तरी द्यावे लागतील ना? ते वजा केले की धंद्याचा स्वतःचा नफा राहतो ६,०१२. वर्षाला ७२ हजारांच्या आसपास. शार्क मंडळी ज्याला नफा म्हणतात तो हा. यावर कुणी कोटीचा भाव धरणार नाही. आणि हे तुम्हाला तिथे, दिव्यांखाली, सगळ्या देशासमोर कळण्यापेक्षा इथे कळलेलं चांगलं.

मन लहान करू नका. माझ्या बत्तीस वर्षांत स्वतःची मजुरी लिहिणारी बाई मला एक भेटली, पंढरपूरची, कुंकवाच्या धंद्यातली. ती दर एक तारखेला गल्ल्यातून पाकिटात पगार घालून स्वतःला द्यायची, पाकिटावर स्वतःचं नाव लिहून.

आणखी एक हिशेब घाला, भाजणीच्या पिठाचा. मला काहीतरी शंका येते आहे.

काठपदर

थोडं अवांतर. सगळे शार्क टँकवर बोलताहेत, मला आपल्या होम मिनिस्टरबद्दल लिहायचं आहे. माझं बार्शीत साड्यांचं दुकान आहे.

२००४ पासून कितीतरी वर्षं संध्याकाळी झी मराठीवर आदेश बांदेकर कुणाच्या तरी दारात उभे असायचे. आम्हा दुकानदारांना त्याचा सरळ फायदा झाला तो म्हणजे पैठणी. त्याआधी पैठणी लग्नातल्या शालूसारखी, घरात एखाद-दुसरीकडेच असायची. मग बाया दुकानात येऊन "ती होम मिनिस्टरमध्ये देतात तशी दाखवा" म्हणायला लागल्या. मी तोवर येवल्याचा माल मोजका ठेवायचो. तेव्हापासून पैठणीला दुकानात वेगळी गादी केली.

पण मी शिकलो ते दुसरंच. बांदेकर घरात शिरले की नुसतं त्या वहिनीशी बोलत नसत. सासूबाईंना विचारायचे, सासऱ्यांना बोलतं करायचे, कोपऱ्यात उभ्या असलेल्या पोराला नाव विचारायचे. सगळं घर मोकळं झालं की मग वहिनी हसायची. मी तेव्हा दुकानात काय करायचो? जिच्यासाठी साडी घ्यायची तिच्यापुढे पटापट घड्या उलगडायचो. सून म्हणायची छान आहे, सासूबाई मागून म्हणायच्या बघू अजून कुठे, आणि उठून जायच्या.

मी पद्धत बदलली. आता आधी मोठ्या बाईंना खुर्ची, पाणी. पहिली साडी त्यांच्या मांडीवर. "काकू, तुमच्या लग्नातला शालू कुठला होता हो?" एवढं विचारतो आणि थांबतो. त्या सांगतात, पाच-सात मिनिटं सांगतात. रंग सांगतात, कुणी आणला ते सांगतात, कधी कधी डोळ्यांत पाणी येतं. मला ते ऐकायला मनापासून आवडतं. त्यानंतर सुनेने एखादी साडी उचलली की काकूच म्हणतात, घे, तुला खुलेल.

ताई, तुमच्या सतरा दुकानांत गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या घरी तुमची चकली कुणी खाल्ली आहे का? एक पाकीट त्याच्या आईसाठी द्या.

एडिटटेबल

मी गोरेगावला फिल्मसिटीच्या परिसरात बारा वर्षं रिॲलिटी शोंच्या एडिटिंगमध्ये आहे. शार्क टँकवर काम केलेलं नाही, पण हा प्रकार आतून ओळखतो. फॉर्म भरण्याबद्दल लिहितो.

तुम्हाला जे दहा-बारा मिनिटं दिसतं ते प्रत्यक्षात तासभर किंवा त्याहून जास्त चाललेलं असतं. त्यातून आम्ही निवडतो. एखाद्याला आकडा सांगायला तीन सेकंद लागले, तर त्या तीन सेकंदांखाली संगीत जातं, मध्ये समोरच्याचा चेहरा येतो आणि तुम्हाला वाटतं तो गडबडला. माणूस शांतपणे आठवत असतो हो. म्हणून टीव्हीवर कुणी अडखळलं म्हणून स्वतःची तुलना करू नका, आणि कुणी धाडधाड बोललं म्हणूनही करू नका.

दुसरं, स्टेजवर हात मिळवला की पैसे खात्यात आले असं होत नाही. नंतर कागदपत्रं, हिशेब, परवाने, भागीदारांची नावं, सगळं तपासलं जातं. त्यात काही सौदे बदलतात, काही होतच नाहीत. वजाबाकी काका म्हणाले ती देवघराच्या खणातली बिलं तिथे मागितली जातात.

आणि नकार मिळाला म्हणजे संपलं असंही नाही. हा खेळ मुळात जपानचा, २००१ सालचा. मग २००५ मध्ये बीबीसीवर ड्रॅगन्स डेन, २००९ मध्ये अमेरिकेत शार्क टँक. अमेरिकेच्या कार्यक्रमात २०१३ साली जेमी सिमिनॉफ नावाचा माणूस कॅमेरा लावलेली दाराची बेल घेऊन आला होता. सौदा न होता परत गेला. तीच बेल पुढे रिंग नावाने चालली आणि २०१८ मध्ये ॲमेझॉनने ती कंपनी १ अब्ज डॉलरपेक्षा जास्त देऊन घेतली. लोकांनी बेल टीव्हीवर पाहिली, हाच त्याला मोठा फायदा झाला होता.

मात्र या फायद्याला दुसरी बाजू आहे. तुमचा भाग रात्री लागला आणि सकाळपर्यंत दोन हजार पाकिटांची मागणी आली, तर? रोजच्या चौदा किलोची ५६ पाकिटं होतात. दोन हजार पाकिटांना पस्तीसेक दिवस लागतील. ज्याने पैसे भरले तो पस्तीस दिवस थांबत नाही, तो एक तारा देतो. माल वाढवायची तयारी झाल्याशिवाय टीव्हीवर जाऊ नये, हे मी पोटतिडकीने सांगतो. अशा माणसांचे फोन मी घेतले आहेत.

भाजणीवाली_सांगली

सगळ्यांचे प्रतिसाद मुलाला मोठ्याने वाचून दाखवले.

काका, पिठाचा हिशेब घातला. विक्री २४० रुपये किलो. कच्चा माल, गॅस, दळण १००, पाकिटं ७, दुकानदार ६०, पेट्रोल ८. दोघी मिळून दिवसाला ४० किलो भाजू शकतात, म्हणजे मजुरी साडेसतरा. उरतात साडेसत्तेचाळीस. चकलीच्या ८३ पेक्षा कमी, म्हणून मी पिठाकडे कधी लक्षच दिलं नाही. पण दिवसाचं धरलं तर चकलीचे १४ किलो गुणिले ८३, म्हणजे १,१६२, आणि पिठाचे ४० किलो गुणिले साडेसत्तेचाळीस, म्हणजे १,९००! शिवाय पीठ तुटत नाही. मुलाने कॅल्क्युलेटरवर तीनदा करून बघितलं. अर्थात ४० किलो पीठ रोज खपणार नाही, सध्या महिन्याला ६० किलो जातं. पण आठवड्यातला एक दिवस पूर्ण पिठाला द्यायचा ठरवलं आहे. थालीपिठासाठी घेणारी गिऱ्हाइकं पुण्यातून विचारत असतात, त्यांना मी आजवर नाही म्हणायचे.

नाशिकरोडच्या दादा, माझ्याकडे फ्रीजर नाही, पण फळीवर सहा प्रकारच्या चकल्या आहेत: बटर, पालक, नाचणी, मूग, लसूण आणि साधी. दुकानांच्या पावत्यांवर रेघा ओढल्या. परत येणाऱ्या मालात पालक आणि मूग याच जास्त. त्या दोन्ही बंद. पालक चकली माझ्या नणंदेची आवडती, तिला घरी करून देईन.

काठपदर दादा, काल गणपती पेठेतल्या एका दुकानदाराला पाकीट दिलं, म्हटलं आईंना द्या. तो म्हणाला, आईला दात नाहीत. मग आज त्यांच्यासाठी उपवासाची भाजणी दिली, मऊ थालीपिठं होतात त्याची. उद्या कळेल.

फॉर्म या वर्षी भरत नाही. मुलगा थोडा हिरमुसला, पण एडिटटेबल यांचं ५६ पाकिटांचं गणित त्यालाही पटलं. त्याने वहीच्या पहिल्या पानावर माझा पगार लिहिला आहे, १८,०००. एक तारखेला पाकीट करायचं म्हणतो.

एक अडलं आहे. तेल किलोला ५० मी बिलांवरून काढलं, पण कढईत उरलेलं तेल पुढच्या घाण्याला जातं, ते दोनदा धरलं जातंय का?

वजाबाकी

जातंय, शक्यता आहे. सकाळी तळायला घेण्याआधी कढईसकट वजन करा. दिवसभरात ओतलेलं तेल पिशव्या मोजून लिहा. संध्याकाळी गार झाल्यावर पुन्हा कढईसकट वजन. सकाळचं वजन अधिक ओतलेलं, वजा संध्याकाळचं. त्याला त्या दिवशीच्या चकल्यांच्या किलोने भागा. सलग सहा दिवस करा, एका दिवसावर जाऊ नका. पावसाळी हवेत आकडा वेगळा येतो. आकडे इथेच टाका, मी वाट बघतो.

खानावळ_नाशिकरोड

ताई, गार होईपर्यंत कढई उचलू नका, दोघींनी मिळून उचला. आणि ते उपवासाच्या भाजणीचं थालीपीठ आईंना आवडलं का, तेही कळवा.